चिंधी बांधलेली कणसं

सुगी आली की आमच्या मुरुमच्या रस्त्याला कडब्याचा वास सुटतो. ट्रॅक्टरवर रचलेल्या पेंढ्या दोन्ही बाजूंनी इतक्या बाहेर आलेल्या असतात की मागून येणारी एसटी हॉर्न वाजवून थकते, आणि पुढचा आपल्याच नादात चाललेला असतो. गळालेली पानं कुंपणांना अडकतात, अंगणात येतात, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसतात. अंगाला कडब्याची बारीक कूस लागून खाज सुटते. घर दिवसातून दोनदा झाडावं लागतं म्हणून खरं तर माझी या दिवसांत चिडचिड व्हायला पाहिजे. ती होत नाही. झाडू हातात घेऊन मी उभीच राहते आणि बांधापलीकडं बघत बसते.

हेच दिवस परीक्षांचे. सकाळी पोरं छातीशी पॅड धरून, ओठ हलवत चाललेली दिसतात. त्यांच्या आया दारापर्यंत दही-साखर घेऊन धावतात. मग कुणीतरी मला विचारतंच, तुमच्या कृपाची परीक्षा कधी? मी म्हणते, रोजच. समोरचा माणूस हसतो, पण त्याला ते पटलेलं नसतं हे मला कळतं. आमची कृपा घरीच शिकते. आता ती माझ्या खांद्याला लागलीय. पण सुगीचा वास आला की मला आठवते ती आठ वर्षांची, दोन वेण्या आणि गुडघ्याला कायम माती. घरातल्या शाळेचं ते पहिलंच वर्ष होतं, आणि ते शेवटचंही ठरेल अशी भीती होती.

ही शाळा आम्ही काही ध्येयबिय ठरवून काढली नाही. मुदतीच्या तापानं काढली. पावसाळ्यात कृपा आजारी पडली ती पार दसऱ्यापर्यंत खाटेवर. मागं पडू नये म्हणून मी तिला पडल्या पडल्याच वाचून दाखवायचे, उशीवर बोटानं बेरजा करायला लावायचे. ताप उतरला आणि पोर बोलायला लागली. आधी शाळेतून आली की दप्तर टाकून गप्प बसणारी ही मुलगी विचारायची, ताप संध्याकाळीच का चढतो? गाय दिसेनाशी झाली तरी घंटा का ऐकू येते? मला निम्म्या प्रश्नांची उत्तरं यायची नाहीत. माझे यजमान सुहास उमरग्याच्या दवाखान्यात रक्त-लघवी तपासतात. त्यांनी एका संध्याकाळी तिचं बोलणं ऐकलं आणि म्हणाले, राहू दे एक वर्ष घरी, वर्षाअखेरी बाहेरून परीक्षेला बसवू. एवढाच आमचा ठराव.

सकाळी प्रार्थना, सुहासच्या पेटीवर एक गीत, मग ते बसला जायचे आणि आमची शाळा चुलीजवळ भरायची. अपूर्णांक तिला भाकरीनं शिकवले. अर्धी पप्पांची, पाव आईची, मग राहिलेल्या पावातली निम्मी कुत्र्याला दिली तर कुत्र्याला किती? ती उत्तर सांगायची आणि उत्तर बरोबर आलं की खरंच नेऊन घालायची. माझ्या भाकरी गणितात गेल्या म्हणून कितीदा तरी मला दुसऱ्यांदा पीठ मळावं लागलं. दुपारी मात्र तिला घरात डांबणं मला जमलं नाही. ती बांधावर, ओढ्यावर, शेजाऱ्यांच्या रानात. येताना ओच्यात काहीतरी असायचंच. सापाची कात, आत खडे चमकणारा दगड, मोराचं तुटकं पीस. खिडकीच्या कट्ट्यावर तिचा हा खजिना मांडलेला असायचा आणि पाहुणे तिथं चहाची कपबशी ठेवायला घाबरायचे.

यातून आमच्या घरात एक रीत पडली. संध्याकाळच्या प्रार्थनेआधी प्रत्येकानं सांगायचं, आज काय सापडलं. मग त्याबद्दल देवाचे उपकार मानायचे. सुहास दमून आलेले असायचे. ते म्हणायचे, आज बसायला जागा सापडली. कृपाला ते चालायचं. मला कधी जुन्या डब्यात हरवलेला जायफळाचा तुकडा सापडायचा, कधी अंगणातल्या पपईवर पहिलं फूल. सांगायला काहीतरी पाहिजे म्हणून मी दिवसभर डोळे उघडे ठेवायला शिकले. लग्नाआधी आणि लग्नानंतरही इतकं मी कधी बघितलं नव्हतं.

एकदा तिला सुगरणीचा खोपा सापडला. आतल्या बाजूला चिखलाचे गोळे लावलेले. ते कशाला? बांधापलीकडचे शरणप्पा म्हणाले, त्यात सुगरण काजवे चिकटवते, दिव्यासाठी. सुहास म्हणाले, वजन राहावं, वाऱ्यात हेलकावे बसू नयेत म्हणून. कृपानं कुणाशीच वाद घातला नाही. तिनं अजून एक रिकामा खोपा मिळवला, त्यातले चिखलाचे गोळे काढून टाकले, आणि दोन्ही ओसरीत शेजारी टांगून वाऱ्याची वाट बघत बसली. वारा आला, चिखलाचा खोपा कमी हलला. सुहासना आनंद झाला. पण कृपा म्हणाली, काकांचंही खरं असेल, आपण रात्री कुठं बघितलंय? त्या दिवशी मला माझ्या लेकीचा जो अभिमान वाटला तो अजून उतरलेला नाही.

शरणप्पा आणि त्यांच्या मंडळी गुरव्वा हे आमचे शेजारी कमी आणि कृपाचे शिक्षक जास्त. घरात कानडी, बाजारात मराठी. गुरव्वा शेंगा फोडता फोडता तिला वंदु, एरडु, मूरु करत मोजायला शिकवायच्या, आणि चुकली की एक शेंगदाणा कमी द्यायच्या. रोज सकाळी अंघोळ करून त्या गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसत. कृपा उंबऱ्यावर चूप बसून बघायची. एके दिवशी येऊन मला म्हणाली, अव्वाचा देव हातात मावतो, आपला कुठं मावतो? मी तिला पप्पांकडं पाठवलं. पप्पांनी दादांकडं पाठवलं. दादांनी मात्र तो प्रश्न सरळ प्रार्थनेत घेतला.

दादा म्हणजे माझे सासरे. निवृत्त मुख्याध्यापक, धाराशिवला एकटे राहायचे, शनिवारी एसटीनं यायचे. दारात आम्ही सलाम करायचो, ते हात वर करायचे आणि चप्पल काढायच्या आत विचारायचे, पोरीचे पाढे कुठपर्यंत आले? शिस्तीचा माणूस. सुनेशी वाद घालायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं. म्हणून ते वाद देवाशी घालायचे, मी डोळे मिटून शेजारी बसलेली असताना. 'हे बापा, या लेकराला चार लेकरांत बसायची बुद्धी दे, आणि तिच्या आईला दूरचं बघायची नजर दे.' प्रार्थना चालू असताना मधे बोलता येत नाही. पण माझीही पाळी यायचीच. मी म्हणायचे, 'हे बापा, वडीलधाऱ्यांना धीर दे.' सुहास दोन्हींना सारख्याच आवाजात आमेन म्हणायचे.

नाताळात मात्र दादा सुहासशी उघड बोलले. सुगीपर्यंत बघतो, म्हणाले. पटलं नाही तर जूनला तिला धाराशिवला नेणार. माझ्याकडं राहील, शाळेत जाईल. सुहासनी बापाचा शब्द जन्मात मोडलेला नाही. ते मान खाली घालून बसले आणि मला कळलं की हे ठरल्यात जमा आहे. आठ वर्षांची पोर, आईपासून तीन तासांवर. कृपानं सगळं ऐकलं होतं. निजायच्या आधी तिनं एवढंच विचारलं, दादांच्या खिडकीतून रान दिसतं का? दिसत नाही, समोरच्या घराची भिंत दिसते. हे मी तिला सांगितलं नाही.

मग माझंही धैर्य सुटलं. मी पाढे घोकून घ्यायला लागले, सकाळ-संध्याकाळ. ती बिचारी म्हणायची, डोळे खिडकीबाहेर लावून. जानेवारीत दादांनीच आम्हाला बोलावलं आणि रेल्वेनं येडशीला रामलिंगच्या रानात नेलं. माझ्या मनात आलं, इथं तरी पोर पाढे म्हणून दाखवेल. तिनं तिथं जमिनीवर पालथं पडून एक किडा बघितला, मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून मुंग्यांची वाट बघणारा. डबे उघडले, माकडं येऊन दोन पोळ्या पळवून गेली, तरी ही उठेना. दादा हातात घास धरून तिच्याकडं बघत राहिले. रागावले का कौतुकानं बघत होते, मला सांगता येणार नाही. संध्याकाळी प्रार्थनेत त्यांनी तिच्यासाठी वेळेचं भान मागितलं.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत सुगीत कापणीचा रविवार असतो. ज्याच्याकडं जे पिकलं त्यातलं पहिलं आणि चांगलं देवळात आणून ठेवायचं. ज्वारीची कणसं, हरभऱ्याचे डहाळे, कोंबडीची अंडी, लोणच्याची बरणी, कुणी पाळलेला कोंबडाच आणतं आणि तो उपदेशात मधे मधे आरवतो. उपासना संपली की अंगणात लिलाव. सगळे एकमेकांचं घेतात आणि हसतात. आमच्याकडं रान नाही, परसात चार झाडं आहेत. म्हणून मी महिनाभर आधीच वेलावरच्या भोपळ्याला, झाडावरच्या पपईला जुन्या लुगड्याची चिंधी बांधते. चिंधी दिसली की ते देवाचं, त्याला कुणी हात लावायचा नाही. कृपाला हे चालायला लागल्यापासून माहीत.

त्या रविवारी ती देवळात शिरली ती हातात कणसांची जुडी घेऊन. कणसं कसली, मुठीएवढी, दाणे मोत्यासारखे पांढरे. माणसं वळून बघायला लागली. गुरव्वा दर सुगीला आम्हाला काहीतरी देतातच, त्यांनीच दिली असणार असं मला वाटलं, आणि मी विचारलंही नाही. दादा त्या दिवशी आले होते. नातीनं आणलेली जुडी लिलावात निघाल्यावर त्यांनी चक्क बोली लावली, आणि परत लावली. मुख्याध्यापकांना असं बोटं वर करताना मंडळीनं कधी पाहिलं नव्हतं. पण उमरग्याहून आलेल्या एका मावशींनी त्यांच्यावर ताण केली आणि जुडी घेऊन त्या गेल्या. दादा हळहळले. मला वाटलं, देवच आज आपल्या बाजूला आहे.

दुपारी जेवणं होऊन आम्ही ओसरीत बसलो होतो तेव्हा शरणप्पा बांधावर येऊन उभे राहिले. एरवी ते हाक मारत यायचे. त्या दिवशी नुसते उभे. त्यांच्या हातात चिंधीचे तुकडे होते, पिवळे. कुणीतरी बियाण्याची कणसं नेली, त्यांनी सांगितलं. त्यांच्या आईनं पिढीभर राखलेली ज्वारी होती ती, जिची भाकर दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. गेल्या वर्षी साठवणीतल्या बियाण्याला कीड लागली, म्हणून वाचलेलं मूठभर त्यांनी बांधाच्या कडेला चार ओळींत पेरलं होतं. निम्मं पाखरांनी खाल्लं. उरलेल्यात उभ्या पिकात फिरून त्यांनी चांगली कणसं निवडली होती आणि ओळख म्हणून त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. बाकीचं कापून कधीच मळणीला गेलं होतं. बाजारात हे बी मिळत नाही.

मी कृपाकडं बघितलं. ती उठून सरळ बांधाकडं चालत गेली.

"काका, मी नेली," ती म्हणाली. "चिंधी बांधली होती म्हणून मला वाटलं, तुम्ही देवासाठी ठेवलीत. तुम्ही आमच्या देवळात येत नाही, मग ती पोचणार कशी? म्हणून मी पोचवली."

शरणप्पा तिच्याशी नाही, दादांशी बोलले. "गुर्जी, लेकरू हाय, मला कळतंय. पर ही माझ्या आईचं बी हाय. लेकराला ठावं पायजे का न्हाय, कुनाचं काय हाय ते?"

नेमकं हेच दादा मला दसऱ्यापासून देवामार्फत सांगत होते. रानात एकटं फिरून, मनानंच अर्थ लावून पोर अशी वाढते, चारचौघांत बसली असती तर कुणीतरी सांगितलं असतं. आता त्यांना प्रार्थनेचीही गरज नव्हती. मी त्यांच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. जून ठरला, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं. दादा उठले, टोपी घातली, पायात चपला सरकवल्या आणि शरणप्पांना म्हणाले की जुडी उमरग्याला गेली आहे, आम्ही आणतो. मग कृपाला म्हणाले, चल. सुहास गाडी काढायला निघाले तर त्यांनाही हातानं थांबवलं. ती दोघं एसटी स्टँडकडं चालत गेली, पुढं दादा आणि मागं अर्धं धावत ती.

ती दुपार मी कशी काढली माझं मला ठाऊक. चहा करून शरणप्पांना नेऊन दिला. त्यांनी घेतला, पण नेहमीसारखं बसा म्हणाले नाहीत. गुरव्वा मात्र माझ्याजवळ येऊन बसल्या. आपल्या सासूबाईंबद्दल बोलत राहिल्या. दुष्काळात घरातलं सगळं दाणापाणी संपलं तरी त्या बाईनं गाडग्यातलं बियाणं दळू दिलं नव्हतं, पोरं रडली तरी दिलं नव्हतं. मला त्या न पाहिलेल्या बाईबद्दल आदर वाटला आणि स्वतःच्या पोरीबद्दल लाज. आपलं चांगलं ते राखून ठेवायचं, ही रीत दोन्ही घरांत एकच. कशासाठी राखायचं तेवढंच वेगळं, आणि ते मी कृपाला कधी सांगितलंच नव्हतं. मलाही कुठं माहीत होतं?

उन्हं कलली तेव्हा ती दोघं आली. जुडी कृपाच्या दोन्ही हातांत होती. दादांचं धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं भरलेलं. त्या वयात ते स्टँडपासून पायी आले होते, कारण रिक्षात कणसं चुरगळतील असं नातीनं सांगितलं होतं. कृपानं जुडी शरणप्पांच्या हातात दिली. चार कणसांचे दाणे पाखरांनी टिपले होते, बाकी सगळी शाबूत होती. शरणप्पांनी एकेक कणीस बोटांनी चाचपून बघितलं, मग एक बाजूला काढून तिच्या हातात ठेवलं. पुढच्या वर्षी तुझ्या परसात लाव, म्हणाले, मंजी एका जागी गेलं तरी दुसऱ्या जागी ऱ्हाईल.

दादा ओसरीच्या पायरीवर बसले. मी पाण्याचा तांब्या दिला. एक घोट घेऊन ते स्वतःहून सांगायला लागले. उमरग्यापर्यंतच्या बसमध्ये त्यांनी मनात शब्द जुळवले होते. नात लहान आहे, जरा घोटाळा झाला, गैरसमज करून घेऊ नका, असं काहीतरी. चाळीस वर्षं पालकांशी बोललेला माणूस, शब्दांना काय कमी. मावशींनी जुडी ओसरीत चिमण्यांसाठी टांगलेली होती. परत मागायला आलोय म्हटल्यावर त्या चिडल्या. देवाला वाहिलेलं परत मागता, मुख्याध्यापक असून? आणि दादांना शब्द सुचेनात. तेव्हा कृपा पुढं झाली.

"ती म्हणाली, मावशी, देवाला दिलेलं नव्हतं ते. काकांनी दिलंच नव्हतं, मी न विचारता आणलं होतं. असलं देवाला चालत नसेल." दादांनी आणखी एक घोट घेतला. "त्या बाईनं गपगुमान स्टूल आणलं आणि जुडी सोडून दिली."

परत येताना बसमध्ये ती काय करत होती, मी विचारलं. मला वाटलं, रडली असेल. दादा म्हणाले, आधी रडली. मग कंडक्टरला विचारलं, ज्याच्या रानात खूप पाखरं येतात तो बी कसं वाचवतो? कंडक्टरचं रान होतं, तो सांगत बसला. मागच्या सीटवरची बाई सांगायला लागली. मुरुम येईपर्यंत सगळी बस बियाण्याबद्दल बोलत होती, आणि ही मधे उभी राहून ऐकत होती. दादांनी हे सांगितलं ते माझ्याकडं न बघता, समोरच्या बांधाकडं बघत. तिथं कृपा शरणप्पांना जुडी आढ्याला टांगायला मदत म्हणून दोरी धरून उभी होती, आणि ते तिला काहीतरी समजावून सांगत होते.

मी हात जोडून बसल्यासारखी बसले होते. आता ते काय म्हणणार ते ऐकून घ्यायचं, मग सुहासना सांगायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. दादांनी तांब्या खाली ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ते या विषयावर देवाला मधे न घेता माझ्याशी बोलले.

"सुनंदा, जूनला मी येईन," ते म्हणाले. "तिला न्यायला नाही. राहायला."

मी उठले, चहा टाकते म्हणाले आणि आत जाऊन चुलीपुढं बसून पोटभर रडले. चहा टाकायचा राहिलाच.